सॅक उतरवल्यावर: वाचकांचे प्रश्न

रेंज ट्रेकला, म्हणजे एकामागून एक गड-डोंगर जोडत काही दिवस चालायच्या ट्रेकला, निघण्याआधी काय करावं हे सांगणारे शंभर जण भेटतात. परत आल्यावर काय करायचं, हे विचारलं की बहुतेकांचं उत्तर ‘आंघोळ करून झोपायचं’ इतकंच असतं. पण तंबू कुजतो तो घरी पलंगाखाली, आणि ताप चढतो तो दहा दिवसांनी ऑफिसात. या वेळी आलेली पत्रं बरीचशी याच विषयावरची असल्याने सगळी एकत्र घेतली आहेत.

आम्ही पाच जण रतनगड–कात्राबाई–हरिश्चंद्रगड असा चार मुक्कामांचा ट्रेक करणार आहोत. मागच्या एका ट्रेकला शेवटच्या दिवशी गाडी हुकली आणि रात्र फाट्यावर काढावी लागली. या वेळी उतरायचं कुठून? आणि उरलेला गॅस कॅन लोकलमधून आणलेला चालतो का? (डोंबिवली)

मुंबईकडे यायचं असेल तर हरिश्चंद्रगडावरून पायथ्याच्या पाचनई गावाऐवजी खिरेश्वर गावाला उतरा. पाचनईची वाट छोटी आणि सोपी आहे यात वाद नाही. पण पायथ्याला पोचल्यावर राजूरपर्यंतची जीप मिळणं तुमच्या हातात राहत नाही. जीपवाल्याशी आधीच फोनवर बोलून ठेवलं असेल तरच तिकडे उतरा. खिरेश्वरहून खुबी फाटा धरणाच्या भिंतीवरून पाचेक किलोमीटर आहे. फाटा कल्याण–आळेफाटा रस्त्यावर आहे, त्यामुळे माळशेज घाटातून कल्याणला जाणारी एसटी तिथे मिळते. पुण्याच्या मंडळींनी उलट्या दिशेने आळेफाटा गाठून गाडी बदलावी.

गाडी हुकते त्याचं कारण बहुधा सकाळीच घडलेलं असतं. शेवटचा दिवस ‘नुसतं उतरायचं’ म्हणून सैल सोडला जातो. नऊला चहा, दहाला पोहे, मग पुन्हा एकदा गडावरचा कोकणकडा, आणि निघेपर्यंत साडेअकरा. सॅक पाठीवर घेऊन गडावरच्या देवळापासून टोलार खिंडीमार्गे खिरेश्वर म्हणजे चार तास धरा. खिंडीच्या वरच्या कातळटप्प्यावर रेलिंग असलं तरी थकलेल्या पायांनी तिथे वेळ जातोच. त्यापुढे फाट्यापर्यंत सव्वा तास. आठला देवळापाशी सॅक बांधून तयार असाल, तर जेवण धरूनही अडीचच्या सुमारास फाट्यावर असाल. कोकणकड्याचा सूर्यास्त आदल्या संध्याकाळीच पाहून घ्या. पावसाळ्यात आणि धुक्यात अंधार पडल्यावर फाट्यावर हात दाखवून एसटी थांबेलच असं नाही, चालकाला माणूस दिसतच नाही. दिवसाउजेडी रस्त्याला लागणं हाच त्यावरचा उपाय.

स्वतःची गाडी असेल तर धोका वेगळा. चार दिवस चाललेला, पोटभर जेवलेला आणि रविवारी रात्री घाटातून गाडी चालवणारा माणूस झोपतो, तेही न कळत. गाडी कोण चालवणार हे ट्रेकच्या आधी ठरवा, पायथ्याला त्याला वीसेक मिनिटं झोपू द्या आणि शेजारच्या सीटवर जागा राहणारा माणूस बसवा. जमलं तर पायथ्याच्या गावातच मुक्काम करून सोमवारी पहाटे निघा. आमचं मत विचाराल तर रेंज ट्रेकसाठी सोमवारची रजा धरूनच चालावं.

गॅसबद्दल स्पष्टच सांगतो. रेल्वेत, मग ती लोकल असो की मेल, गॅसचा कॅन नेता येत नाही. १९८९च्या रेल्वे कायद्याचं कलम १६४ धोकादायक वस्तूंबद्दलच आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून मुळात गॅस उरणार नाही असा हिशेब करा. आडोशाला एक लीटर पाणी उकळायला साधारण १० ग्रॅम गॅस लागतो, वाऱ्यात दीडपट. पाच जणांना रोज पाच-सहा लीटर पाणी उकळायचं असेल तर चार दिवसांत २३० ग्रॅमचा एक कॅन जवळजवळ संपतो. खिचडी शिजवणार असाल तर तिचा गॅस वेगळा धरा. कॅन पायथ्यापर्यंत गाडीनेच पोचवायचा. नवा कॅन घरी तोलून आकडा मार्करने त्यावरच लिहून ठेवला की पुढे किती उरलाय ते समजतं. खाली उतरल्यावर राहिलेल्या गॅसवर चहा करा. कॅन गावात कुणाला देऊन मोकळं होऊ नका. तो घरातल्या शेगडीला बसत नाही, आणि मग पोरांच्या हातात खेळणं होऊन पडतो.

एक राहिलं. ‘सातपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू कर’ असं ज्याला सांगून गेलात त्याला रेंज येताच पहिला फोन करा. ट्रेकर एसटीत घोरत असतात आणि घरचे ११२ला किंवा महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरला फोन लावत बसतात, असं होऊ नये.

भर पावसातला ट्रेक होता. आल्यावर सॅक तशीच ठेवली, आठ दिवसांनी उघडली. तंबूला कुबट वास येतोय, तळाचं कापड हाताला चिकटतंय. बुटाचा सोलही सुटायला आलाय. काही वाचेल का? (पुणे)

वास जाईल. चिकटपणा मात्र बहुधा जाणार नाही. तंबूच्या तळाला आणि बाहेरच्या फ्लायला आतून पॉलियुरेथेनचा थर असतो, त्यानेच पाणी अडतं. ओल आणि उबेत तो थर हळूहळू विघटित होतो, आधी चिकट होतो आणि मग पापुद्रे सुटतात. आठ दिवसांत एवढं झालं असेल तर ते एका ट्रेकचं काम नाही. आधीही तो ओला ठेवला गेला असणार. थर निघाला असेल तर तो पुन्हा लावण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. तळ चिकट झालेल्या तंबूखाली जाड प्लास्टिक अंथरून तो कोरड्या दिवसांतल्या ट्रेकसाठी ठेवावा, पावसासाठी नवा बघावा.

बुरशीचे डाग असतील तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि स्पंज. वॉशिंग मशीन नाही, ब्लीच नाही, कपड्यांची पावडर नाही. शिवणीवरची टेप आणि थर दोन्ही त्यात जातात. धुतल्यावर सावलीत वाळवा, कारण कडक उन्हात नायलॉन कमजोर होतं. गॅलरी नसेल तर हॉलमध्ये दोरी बांधून पंख्याखाली टाका. वरवर कोरडा वाटला तरी शिवणी, कोपऱ्यातले पट्टे आणि पोल घालायच्या नळ्या चिमटीत धरून पाहा, ओल तिथेच राहते. पावसाळी हवेत दोन दिवस लागतात. पोल घडी करताना टोकाकडून सुरुवात करू नका. मधून घडी घातली की आतल्या इलॅस्टिकवर सारखा ताण येतो आणि ते जास्त टिकतं.

चेन मागून उघडत जात असेल तर लगेच नवी चेन लावायला जाऊ नका. बहुतेक वेळा दात शाबूत असतात, सरकणारी खुंटी मातीने झिजून सैल झालेली असते. जुन्या टूथब्रशने दात साफ करा आणि पकडीने खुंटीच्या दोन्ही बाजू अगदी हलक्या दाबा. एकदम जोरात दाबली तर ती फुटते, म्हणून थोडं दाबायचं आणि चालवून बघायचं.

स्लीपिंग बॅग प्रत्येक ट्रेकनंतर धुवायची नसते. उलटी करून दोन दिवस वाऱ्यावर टाका आणि मोठ्या सुती पिशवीत सैल भरून ठेवा. दाबून भरायची पिशवी प्रवासापुरतीच, तिच्यात महिनोन्‌महिने राहिली तर आतला भर बसतो आणि ऊब जाते. पिसांची बॅग धुवायचीच वेळ आली तर ओली असताना एका टोकाला धरून उचलू नका, पाण्याच्या वजनाने आतले कप्पे फाटतात. खालून दोन्ही हात घालून उचला. वाळवताना पिसांचे गोळे हाताने फोडत राहा. पावसाळ्यात पिसांची बॅग धुवायला काढू नका, ती आतून वाळत नाही.

आता बूट. लेस काढा, आतला सोल काढून वेगळा वाळवा, चिखल साध्या पाण्याने आणि ब्रशने काढा. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पहिल्या दिवशी दर तीन-चार तासांनी बदला. ऊन, हेअर ड्रायर, फ्रिजची मागची बाजू यांपैकी काहीही नको; उष्णतेने सोलचा गम सुटतो आणि चामडं असेल तर तडकतं. तुमचा सोल नुसता कडेने सुटला असेल तर मोच्याकडून लवचीक रबरी गमने चिकटवून वर शिवण मारून घ्या. झटपट चिकटणारा गम वापरू नका, तो कडक होतो आणि पहिल्याच उतारावर तडकतो. पण बोटाने दाबल्यावर सोलच्या मधला थर खवल्यांसारखा चुरत असेल, तर त्या बुटांना शिवणसुद्धा धरणार नाही. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या बुटांचं हेच होतं, तेही न वापरता. म्हणून ट्रेकच्या पंधरा दिवस आधी बूट काढून अंगठ्याने दाबून बघायचे.

अलंग-मदन-कुलंग करून आलो. दोर लाल मातीने माखलाय. धुवावा का? आणि दोर अजून चालेल की नाही हे कसं ओळखायचं? (नाशिक)

धुवा, नक्की धुवा. मातीचे बारीक कण आवरणातून आत शिरतात आणि प्रत्येक ताणाबरोबर आतले धागे कापत राहतात. दोर बादलीत न कोंबता टबमध्ये सैल सोडा. पाणी ३० अंशांच्या आसपास, साबण अगदी सौम्य. पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळत राहा. दोन-तीन दिवस सावलीत सैल पसरून वाळवा, घट्ट गुंडाळी करून टांगू नका.

तपासणी हातानेच होते, नुसत्या डोळ्यांनी होत नाही. दोर वाळल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळा चिमटीतून सरकवत न्या. साठ मीटरच्या दोराला अर्धा तास लागला पाहिजे. पाच मिनिटांत उरकत असेल तर तुम्ही तो नुसता मोजताय. एखाद्या जागी दोर पोकळ, चपटा किंवा फुगीर लागला तर तिथे थांबा आणि छोटा फास करून वाकवा. चांगला दोर गोल वळतो. तो तिथे काटकोनात मोडल्यासारखा दुमडला तर आतला गाभा गेलाय. आवरण फाटून आतले पांढरे धागे दिसणं, रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याच्या, उष्णतेने आवरण चकचकीत आणि कडक होणं, आवरण गाभ्यावरून सरकून टोकाला मोकळं लोंबणं, या खुणाही तशाच. खराब भाग टोकाजवळ असेल तर तेवढा कापून दोर आखूड करता येतो. मग त्यावर नवी लांबी लिहा आणि मध्याची खूण नव्याने करा. जुनी खूण तशीच राहिली तर रॅपलला एक टोक जमिनीपर्यंत पोचत नाही, आणि ते कळतं तेव्हा माणूस दोरावर लटकत असतो.

दिसायला धडधाकट असला तरी उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षांनंतर दोर बाद. ॲसिडचा संशय असला तरी बाद. बॅटरीतलं किंवा संडास धुवायचं ॲसिड नायलॉन खातं, वरून काही दिसत नाही. गाडीच्या डिकीत जुन्या बॅटरीशेजारी दोर ठेवणारे ट्रेकर कमी नाहीत.

कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी, कोमट पाण्यात बुडवून दात घासायच्या ब्रशने बिजागरीतली माती काढा. वाळल्यावर बिजागरीला कोरडं वंगण लावा आणि जास्तीचं पुसा. तेलकट वंगण नको, त्यावर पुढच्या ट्रेकची माती आणखी चिकटते.

तिलारी परिसरातल्या जंगलात तीन दिवस होतो. अंगावर गोचिडी सापडल्या, काढून टाकल्या. आठवडाभराने ताप आलाय. ट्रेकशी संबंध असेल का? (कोल्हापूर)

असू शकतो. हे वाचेपर्यंत डॉक्टरांकडे गेला नसाल तर आजच जा, आणि जंगलात कुठे, कोणत्या तारखांना होता आणि गोचिडी कधी काढल्या, हे आपणहून सांगा. शहरातला डॉक्टर आधी डेंग्यू आणि टायफॉइड बघतो. जंगलाचा उल्लेख झालाच नाही तर बाकीच्या शक्यता त्याच्या डोक्यात येणार नाहीत.

तिलारी दोडामार्ग तालुक्यात येतं. तिथे २०१६मध्ये क्यासनूर जंगलाच्या रोगाची, म्हणजे लोक ज्याला माकडताप म्हणतात त्याची साथ आली होती. त्याआधी शेजारच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातही हा रोग आढळला. हा विषाणू गोचिडींमधून पसरतो, जोर साधारण डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत असतो. चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. काहींचा ताप उतरतो आणि एक-दोन आठवड्यांनी परत चढतो, त्यामुळे ‘बरं वाटलं’ म्हणून तपासणी सोडू नका. जंगलात मेलेली माकडं दिसली असतील तर तेही सांगा.

स्क्रब टायफसचा विचारही करावा लागतो. तो गवत-झुडपांतल्या अतिशय बारीक किड्याच्या अळीतून येतो, ती चावलेली कळतही नाही. ताप सहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही येऊ शकतो. अंगावर सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली शोधा. ती दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही, आणि नेमकी काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली किंवा गुडघ्याच्या मागे असते. सापडली तर डॉक्टरांना दाखवाच. योग्य प्रतिजैविक वेळेवर मिळालं तर ताप सहसा दोन दिवसांत उतरतो. मात्र उपचाराला उशीर झाला तर फुप्फुसं, किडनी सगळंच बिघडतं. पावसाळी ट्रेकनंतर पोटऱ्या ठणकत असतील आणि डोळे लाल झाले असतील तर लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिसचाही) विचार होतो. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चाललात का, हे आठवून ठेवा.

तोपर्यंत तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका. डेंग्यू किंवा माकडताप निघाला तर रक्तस्राव वाढतो.

पुढच्या वेळेसाठी सांगतो. घरी येताच कपडे थेट गरम पाण्यात टाका, ते पलंगावर फेकू नका. आंघोळीत कानामागे, केसांच्या मुळांशी, काखेत, बेंबीत, जांघेत आणि गुडघ्यामागे हात फिरवून पाहा. गोचीड सापडली तर बारीक चिमट्याने त्वचेला अगदी लागून धरा आणि न पिळता सरळ वर ओढा. रॉकेल, मीठ, काडीचा चटका हे प्रकार करू नका, त्रासलेली गोचीड पोटातलं जखमेत सोडते. जागा साबणाने धुवा, तारीख लिहून ठेवा. जळवांचं एवढं भय नको. त्यांच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही म्हणून तासभर वाहतं आणि आठवडाभर खाज सुटते. खाजवून जखम चिघळवली नाही तर विषय तिथेच संपतो.

उत्तराखंडात केदारकंठा करून सांकरीहून देहरादून आणि तिथून विमानाने येणार. सामान आणि तब्येत, दोन्हींबाबत काय पाहावं? (ठाणे)

पॉवर बँक केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची, म्हणजे साधारण २७,००० एमएएच, चालते. ट्रेकिंगच्या काठ्या, चाकू, बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे चेक-इनमध्ये. गॅस कॅन कुठेच चालत नाही, अर्धा किंवा संपत आलेला असला तरी. तो सांकरीतच ट्रेक नेणाऱ्या संस्थेकडे देऊन या, त्यांच्या बर्नरला तो बसतो. सांकरी–देहरादून रस्त्याला आठ ते दहा तास लागतात आणि दरड पडली तर त्याहून जास्त. त्याच दिवशीचं विमान धरू नका.

एवढ्या बस प्रवासानंतर दोन्ही घोटे थोडे सुजणं नेहमीचं आहे. पाय उंच ठेवून झोपलं की एक-दोन दिवसांत ओसरतं. पण एकच पाय सुजला, पोटरी गरम लागते आणि दुखते, असं असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्या पोटरीला मालिश करू नका, थेट रुग्णालय गाठा. खाली आल्यावरही दम लागत राहिला तरी तेच.

पोटाचं म्हणाल तर ओढ्याचं न उकळलेलं पाणी प्यायलेल्यांना एक-दोन आठवड्यांनी सडक्या अंड्यासारखे ढेकर, फुगलेलं पोट आणि तेलकट जुलाब होतात. ते बहुधा जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीचं काम असतं. अँटासिडने ते जात नाही, शौचाची तपासणी करून औषध घ्यावं लागतं.

उतरून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. अंगठ्याचं नखही काळं पडलंय. (नागपूर)

उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, त्यामुळे त्यांत बारीक इजा होतात. हे दुखणं ट्रेकच्या दिवशी जाणवत नाही. दोन-तीन दिवसांनी ते सगळ्यात जास्त असतं आणि आठवड्यात जातं. अंथरूण धरू नका, सपाटीवर हळू चाला, भरपूर पाणी प्या, चोळून मालिश नको. मात्र लघवी कोलासारखी गडद झाली तर ते साधं दुखणं नाही. स्नायू फुटून त्यातली द्रव्यं किडनीत चालली आहेत, तासाभरात डॉक्टर गाठा.

नख काळं पडलं ते बोटं बुटाच्या टोकाला आपटून. ओढून काढू नका. ठणका असह्य असेल तर पहिल्या दोन दिवसांत डॉक्टर नखाला भोक पाडून रक्त काढतात आणि लगेच आराम पडतो. ठणका नसेल तर तसंच सोडा. नख काही आठवड्यांत गळेल, अंगठ्याचं नवं पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. पुढच्या वेळी ट्रेकच्या तीन-चार दिवस आधी नखं सरळ कापा, आणि उतार सुरू होण्याआधी टाच मागे दाबून घोट्याशी लेस आवळून बांधा.

मोजे आणि पँटमध्ये घुसलेली कुसळं धुऊनही निघत नाहीत. रिकामे कॅन कुठे टाकायचे? (सातारा)

कुसळं धुण्याआधी काढायची असतात. ओली झाली की ती पीळ घेत आणखी आत घुसतात. मोजा हातात ताणून बारीक दातांच्या फणीने उलट्या दिशेने ओढा, राहिलेली चिमट्याने. काढलेला कचरा आणि बुटांच्या खाचांतली माती थेट कचऱ्याच्या डब्यात टाका, अंगणात झटकू नका. त्यात गाजरगवत आणि रानमोडीचं बी असतं. कासच्या बाजूला जाणार असाल तर बूट आधी घरी धुऊनच निघा.

रिकामा कॅन मोकळ्या जागेत बर्नरला लावून ज्योत आपोआप विझेपर्यंत जाळा. मग बर्नर काढून झडप दाबून पाहा; फुस्स आवाज आला तर अजून गॅस आहे. पूर्ण रिकामा झाल्यावर, आजूबाजूला विस्तव नसताना, खिळ्याने भोक पाडा आणि भंगारवाल्याला द्या. भोक दिसलं की तो घेतो, नसेल तर बहुतेक जण नाही म्हणतात.